लिफ्टसाठी सोडलेली जागा

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबतो, मग दार बडवतो, मग देवाला हाक मारतो, आणि तिकडून काही उत्तर आलं नाही की लिफ्टमास्तरांना फोन लावतो. हा क्रम परदेशातही चुकत नाही. घाबरायची रीत सगळीकडे एकच.

लिफ्टमास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. जुन्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळणाऱ्या एका कंपनीत ते मेकॅनिक. पण बोलायची तऱ्हा अशी, की सोबतच्या लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं. कुठल्या इमारतीची लिफ्ट कशी वागते, हे ते वर्गातल्या पोरांबद्दल बोलावं तसं सांगत. "बाजाराजवळची आहे ना, ती हुशार, पण धांदरट. दवाखान्याशेजारची ढ, पण गुणाची, कधी त्रास नाही. आणि पुलाखालची? तिला आल्या आल्या दोन फटके दिल्याशिवाय ती अभ्यासाला बसतच नाही." फटके म्हणजे दाराच्या चाकावर हातोडीचे, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

कुणी अडकलं की मास्तर वरच्या मजल्यावरून फटीत तोंड घालून तिथल्या मोडक्यातोडक्या भाषेत पहिलं काय विचारत असतील? "आत कोण आहे?" हे नाही. "जेवलात का?" हे. अधांतरी लटकलेल्या माणसाला हा प्रश्न इतका अनपेक्षित असे, की तो घाबरायचं विसरून उत्तर देऊ लागे. एकदा एक नवरा-बायको अडकले. दोघांचं महिनोन्‌महिने बोलणं बंद होतं, हे सगळ्या इमारतीला माहीत. मास्तरांनी ब्रेक सोडून लिफ्ट हाताने मजल्यापर्यंत आणली, दार उघडलं, तर बाईसाहेब आतून म्हणाल्या, "दोन मिनिटं दार लावून घ्या हो, यांचं बोलणं अजून संपायचंय." मास्तरांनी दार लावून घेतलं आणि जिन्यावर बसून राहिले. अशा माणसाला कोण सोडेल? कंपनी सोडत नव्हती, इमारती सोडत नव्हत्या.

पण गुडघे सोडायला लागले होते. या धंद्याची एक गंमत आहे. लिफ्ट बंद पडते म्हणून मास्तरांना बोलावतात, आणि ती बंद असते म्हणूनच मास्तरांना जिन्याने चढावं लागतं. हातात हत्यारांची पेटी, आणि मोटर बसवलेली खोली हमखास गच्चीवर. ज्याने आख्ख्या शहराला बसल्या जागी वर नेलं, तो स्वतः सगळं आयुष्य पायाने चढला. त्या वर्षी मास्तर चौथ्या मजल्यावर पोचले की कठड्याला धरून उभे राहू लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "जिना तपासतोय."

त्यातच कंपनीचा करार संपत आला. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, वर्षअखेरीपर्यंत कळवा. राहणार असाल तर सही करा, जाणार असाल तर तसं लिहून द्या.

मास्तरांनी मनाशी ठरवलं, आता जायचं. घरी आई होती, म्हातारी. बायको होती, जिच्याबरोबर संसार झाला तो बहुतेक फोनवर. धाकटा भाऊ आणि त्याचं कुटुंब त्याच घरात. मुलगी कॉलेजात गेली होती आणि बापाशी बोलताना पाहुण्यांशी बोलावं तसं गोड बोलत होती. ते गोड बोलणं मास्तरांना फार लागे. पोरीने एकदा तरी उलट उत्तर द्यावं, इतके दिवस आपण घरात असावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

आता परत जायचं म्हणजे काय, तिकीट काढलं आणि गेलं, असं नसतं. मास्तर ज्या खोलीत राहत तिथे खाटा होत्या, प्रत्येक खाटेखाली एक बॅग होती, आणि प्रत्येक बॅगेच्या मालकाकडे परत जायचा एक बेत होता. सुट्टीच्या दिवशी चहाबरोबर ते बेत बाहेर निघत. त्या खोलीतला एक आचारी खरंच गेला होता. साठवलेल्या पैशातून गावाकडे कोंबड्या पाळीन म्हणाला. सगळ्यांनी त्याला विमानतळापर्यंत पोचवलं, रडारड झाली, आणि वर्षाच्या आत स्वारी परत त्याच खाटेवर. मास्तरांनी विचारलं, "काय रे, कोंबड्यांना रोग आला काय?"

"रोग कसला, मास्तर! पाहुणे आले. परदेशाहून आलाय म्हणून जो तो भेटायला. आलेल्याला काय नुसता चहा पाजायचा? शेवटची कोंबडी तर मी स्वतःच्या हाताने शिजवली. आणि वर नाव ठेवून गेले, मीठ कमी पडलं म्हणून."

खोली पोट धरधरून हसली. हसून झाल्यावर मात्र ज्याने त्याने आपापली बॅग पायाने खाटेखाली आणखी आत सरकवली.

मास्तरांना आचाऱ्यासारखं व्हायचं नव्हतं. म्हणून ते सरळ कंपनीच्या गोदामात गेले. तिथे हिशेब बघणारा एक गृहस्थ बसे. तो बोलता बोलता मोठ्याने बेरजा करी, म्हणून त्याचं नाव बेरीजराव. नव्या दोरांच्या खोक्यावरचा एक पुठ्ठा फाडून बेरीजरावाने पेन्सिल कानामागून काढली.

"सांगा. नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देईल ते एक. बँकेत साठवलंय ते दोन. अजून?"

"अजून मी," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माझे हात. गावी पाण्याचे पंप असतात, मोटरी जळतात. एक गाळा घेतो भाड्याने. मोटरींत नवी तार भरून देईन, दुरुस्त करीन."

"ते तिसरं. पण त्यावर पहिलं वर्ष काही धरायचं नाही. गिऱ्हाईक काय तुमची वाट बघत बसलंय?" बेरीजराव अशा बाबतीत मुलाहिजा ठेवत नसे. "एकरकमी आणि बँकेतलं, दोन्ही मिळून मुदत ठेवीत टाकायचं. व्याजावर घर चालवायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही. मुलीचं शिक्षण त्यातून वेगळं काढून ठेवायचं. सोपं आहे. आता मला एकच आकडा द्या. घरखर्च महिन्याला किती?"

मास्तर पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

"किती?"

"मी दर महिन्याला पाठवतो तेवढा."

"तो पाठवता किती याचा आकडा झाला. लागतो किती?"

"सगळा लागत असेल."

"म्हणजे उरत नाही?"

"उरत असेलही."

"मास्तर, दोराला किती वजन पेलतं हे न विचारता लिफ्ट बांधाल का तुम्ही? मग? घरी विचारा."

घरी विचारा! बोलायला काय जातंय बेरीजरावाचं? मास्तरांच्या घराण्यात घरच्या माणसाकडे हिशेब मागायची रीतच नव्हती. त्यांच्या चुलत्यांनी एकदा, फार वर्षांपूर्वी, भावजयीला सहज विचारलं होतं, "वहिनी, साखर इतक्या लवकर कशी संपली?" बस्स. त्या एका प्रश्नावर वहिनींनी चूल वेगळी मांडली, अंगणात भिंत उभी राहिली, आणि चुलते मरेपर्यंत बिनसाखरेचा चहा पीत राहिले, तोही भिंतीच्या अलीकडे. मास्तर लहानपणापासून ती भिंत बघत मोठे झाले होते. म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी घरी कधी विचारलं नाही की पैसे कशाला लागले. आणि घरच्यांनीही कधी विचारलं नाही की तुला मिळतात किती. दोन्हीकडून माया, आणि दोन्हीकडे अंधार.

तरी मास्तर हुशार माणूस. आडवळणाने विचारू, म्हणाले. सुट्टीच्या दिवशी सकाळी बायकोला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं आणि मग हळूच म्हणाले, "काय गं, तेलाचा भाव काय चाललाय हल्ली?"

पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला.

"अहो, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? सहज विचारलं."

"इतक्या वर्षांत कधी तेल विचारलं नाहीत. नोकरी गेली का? खरं सांगा. माझ्या गळ्याची शपथ."

"अगं, नोकरीला काय झालंय..."

"मग तेल का?"

मास्तरांनी आवाज नीट येत नसल्याचं निमित्त करून फोन ठेवला. जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी घरभर झाली. भावाचा फोन आला, "दादा, काही लपवू नकोस हां. मी आहे इथे." मुलीने वह्या नको म्हणून सांगितलं, जुन्यातली कोरी पानं आहेत म्हणे. आणि आईने तर कमालच केली. तिने चहातली साखर बंद केली. घराण्याची भीती पुन्हा साखरेवरच आली.

मास्तर कासावीस झाले. आईने बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि आपण इथे पुठ्ठ्यावर बेरजा करायच्या? आता घरच्यांना कसं पटवायचं की नोकरी शाबूत आहे? एकच मार्ग होता. त्यांनी त्या महिन्यात नेहमीपेक्षा बरेच जास्त पैसे पाठवले. बँकेतल्या साठवणीतले.

बेरीजरावाला हे कळलं तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही खर्च विचारायला गेलात आणि खर्च करून आलात?"

"आईने साखर सोडली होती हो."

"घेते का आता?"

"दोन चमचे घेते," मास्तर आनंदाने म्हणाले.

शेवटी आकडा मास्तरांनीच बनवला. मागच्या सुट्टीत घरी गेले होते तेव्हा भाजीला काय पडलं, वाण्याला काय दिलं, ते आठवून आठवून. बेरीजराव म्हणाला, "सुट्टीत तुम्ही घरचे नसता, पाहुणे असता. पाहुण्याला खरा खर्च दिसत नाही." पण दुसरा आकडाच नव्हता, तेव्हा त्याने तोच घेतला, वर थोडी महागाई चढवली, पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू काळ्या केल्या आणि म्हणाला, "जमतं. ओढाताण होईल, पण जमतं. फक्त आता नवीन काही निघता कामा नये."

"नवीन काय निघायचंय? घर बांधून झालंय. खालचा मजला, वरचा मजला. सगळं झालंय."

पुढचे काही महिने मास्तर जिने असे चढले, की चौथ्या मजल्यावर जिना तपासायचीही गरज पडली नाही. हत्यारांच्या पेटीतून स्वतःची कुठली, कंपनीची कुठली, ती वेगळी करून ठेवली. आचाऱ्याला म्हणाले, "माझी खाट खिडकीजवळची आहे, तुला घे." आचारी म्हणाला, "राहू द्या, मास्तर. मी तुमची खाट धरून ठेवतो." मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी भावाचा व्हिडिओ कॉल आला.

"दादा, डोळे मीट!"

"फोनवर डोळे मिटून काय करू?"

"बरं, राहू दे. बघ!"

फोन जिन्याने वर चालला. भावाचा श्वास ऐकू येत होता. पहिला जिना झाला, दुसरा झाला, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की जिथे गच्ची असायला हवी तिथेही जिना पुढे चालला आहे. नव्या सिमेंटचा. वर भिंती उभ्या राहिल्या होत्या. खिडक्यांच्या जागी चौकोनी भगदाडं, आणि त्यातून त्यांच्या ओळखीचं आभाळ.

"तुझा मजला!" भाऊ ओरडला. "तू तेल विचारलंस ना, तेव्हाच मी वहिनीला म्हटलं, दादा आता यायचा विचार करतोय. इतकी वर्षं ज्याला भाव माहीत नाही तो भाव कशाला विचारेल? संसाराला लागायचं म्हणूनच! मग तू जास्तीचे पैसे पाठवलेस, तेव्हा तर खात्रीच पटली. तूच सुचवलंस जणू."

मास्तरांनी पाठवलेली रक्कम मनातल्या मनात अख्ख्या मजल्याशी लावून पाहिली.

"तेवढ्यात भागलं?" त्यांनी विचारलं.

"छे, ते कुठलं! बँकेतून कर्ज काढलं माझ्या नावावर. तू काही काळजी करू नकोस, हप्ता दर महिन्याच्या पैशातून आरामात जाईल. तू आल्यावर तर काय, तू इथेच असशील!"

दर महिन्याच्या पैशातून. तो जिथून येतो ते बंद करून दादा येणार, हे भावाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मास्तरांना बोलायचं होतं. पण भाऊ पुढे निघाला होता.

"थांब, अजून खरी गंमत दाखवायचीय. ही बघ!"

फोन एका कोपऱ्यावर गेला. तिथे तळापासून वरपर्यंत उभी, भिंतींनी बंद केलेली एक पोकळी होती. लिफ्ट जिच्यातून वर-खाली करते ती. मास्तरांच्या धंद्यात तिला डक्ट म्हणतात.

"लिफ्टची जागा सोडलीय!" भावाचा आवाज आनंदाने फाटत होता. "आईला जिना चढवत नाही. ती म्हणते, माझा मोठा आला की मी त्याच्याजवळ वर राहीन. गवंडी विचारत होता, लिफ्ट परवडेल का? मी म्हटलं, अरे, ज्याचा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक, त्याला लिफ्ट विकत घ्यावी लागते का? शिंपी काय सदरा दुकानातून आणतो?"

आणि भाऊ गवंड्याच्या हातात फोन देऊन डक्टमध्ये आडव्या टाकलेल्या फळीवर उभा राहिला, किती ऐसपैस आहे ते दाखवायला. त्याने हात कमरेवर ठेवले. दोन्ही कोपर दोन्ही भिंतींना टेकले.

मास्तरांनी आयुष्यभर दुसरं काही पाहिलं नव्हतं. त्यांना एका नजरेत सगळं दिसलं. त्या जागेत दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं समतोलाचं वजन बसवायलाच जागा नव्हती, दाराला नव्हती, रुळांना नव्हती. माणूस उभा राहतो तो पाळणा बसवला तर त्यात एक माणूस मावेल, तोही आडवा वळून. खाली खड्डा हवा, तो खणला नव्हता. वर मोटरला उंची हवी, तिथे स्लॅब आधीच टाकला होता. मधून तुळई गेली होती.

"माप कुणाचं घेतलं रे?" ते म्हणाले.

"आपल्या जुन्या कपाटाचं. माणसाला कपाटाएवढी जागा पुरे ना?" भावाचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला. "का, दादा? चुकलं का काही?"

हा भाऊ मास्तरांनी खांद्यावर बसवून शाळेत नेलेला. फळ्यावरचं चुकलं की तो असाच तोंड करून बघे.

"नाही रे," मास्तर म्हणाले. "छान आहे."

मग फोन खाली आईकडे गेला. आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. तिला फोनमध्ये नेमकं कुठे बघायचं ते कधीच कळलं नाही, म्हणून तिचं कपाळच जास्त दिसे.

"बघितलंस का?" कपाळ म्हणालं. "शेजारणी विचारतात, लिफ्ट म्हणजे काय असतं. मी सांगते, विहिरीतली बादली असते ना, तशी. फक्त पाण्याऐवजी माणूस. आणि ओढायचं कुणी नाही, आपोआप. बरोबर ना रे?"

"अगदी बरोबर, आई."

"दोर पक्का घाल पण."

"घालतो."

पुढचा आख्खा आठवडा मास्तर लिफ्टशी बोलले नाहीत. पुलाखालची लिफ्ट फटके न खाता सुरू झाली. बेरीजरावाने नवीन पुठ्ठा घेतला, कर्जाचा हप्ता मांडला, आणि बेरीज मोठ्याने करायचं सोडून मनात करू लागला. तेवढ्यावरूनच मास्तर समजले.

"ठेवीचं व्याज हप्त्यातच जातं," बेरीजराव शेवटी म्हणाला. "घराला काही उरत नाही. लिफ्टचं तर मी धरलंच नाही."

"लिफ्ट धरायची नाहीच. ती तिथे बसत नाही."

"मग सांगून टाका त्यांना. सगळं. पगार किती, साठवण किती, नोकरी सोडली की पैसे बंद. पोरं आहेत का ती?"

मास्तरांनी खरंच फोन लावला. बेरीजरावासमोरच लावला, माघार घेता येऊ नये म्हणून. भाऊ सिमेंट आणायला गेला होता. बायकोने उचलला.

"ऐक," मास्तर म्हणाले. "मी आलो की पगार बंद होईल. कळतंय ना?"

"म्हणजे? तुम्हाला पेन्शन असेल ना."

"पेन्शन? कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणीच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज हळूहळू लहान होत गेला. "इतकी वर्षं नोकरी केलीत. मला वाटलं, असतेच. तुम्ही कधी बोलला नाहीत, तेव्हा असेल असं वाटलं."

"नसते गं. जाताना एकदाच काय ते देतात."

"भाऊजींना माहीत आहे?"

"तुलाच आत्ता माहीत झालं."

पलीकडे कुठेतरी भांडं पडलं. वर गवंडी काहीतरी ठोकत होता.

"कर्ज फिटायला किती वर्षं लागतील?" तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना आकडा विचारला होता, आणि मास्तरांना वाईट वाटायच्या जागी एकदम हलकं वाटलं. त्यांनी सांगितलं.

"मग यायचं नाही का?"

"तू सांग."

"मी काय सांगू? या म्हटलं तर हप्ता कोण भरणार? नका येऊ म्हटलं तर... मागच्या वेळीही 'थोडीच वर्षं' म्हणाला होतात तुम्ही. मी तेव्हा वरच्या खोलीला पडदे शिवून ठेवले. दुसऱ्या मजल्याच्या. आता ते तिसऱ्याला लावायचे का?"

"मापं तीच आहेत का खिडक्यांची?"

"नाहीत," ती म्हणाली, आणि हसली. ते हसू मास्तरांना फोनवर इतक्या वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकू यावं असंही ते नव्हतं. "भाऊजींना काही बोलू नका," ती म्हणाली. "फार आनंदात आहेत. गावभर सांगत फिरतायत."

"आणि आईला?"

"त्यांना तर नकोच."

बेरीजराव हे सगळं ऐकत पुठ्ठ्याच्या कडा फाडत बसला होता. फोन ठेवल्यावर त्याने पुठ्ठा पालथा घातला. त्याच्या स्वतःच्या खाटेखालीही बॅग होतीच की.

वर्षअखेरीला मास्तर ऑफिसात गेले. बाईंनी कागद पुढे केला. "राहताय ना? बरं झालं. पुलाखालच्या इमारतीची माणसं तुमच्याशिवाय ऐकत नाहीत." मास्तरांनी उभ्याउभ्याच सही केली. बाईंनी बसा म्हटलं, तर म्हणाले, "बसलो की उठायला वेळ लागतो."

खोलीवर आचाऱ्याने खिडकीजवळच्या खाटेवर स्वच्छ चादर घालून ठेवली होती. चहातही त्याने साखर जरा जास्तच घातली.

पुढच्या सुट्टीला घरून फोन आला. भावाने आईच्या हातात दिला.

"अरे, याने सांगितलं, तुझ्या कंपनीने तुला सोडलंच नाही म्हणे. इतकं अडतं त्यांचं तुझ्यावाचून?"

"हो ना, आई. फार अडतं."

"असू दे. अडलेल्याचं काम करावं. लिफ्टचं मी याला सांगितलं, घाई नको. तो येईल तेव्हा स्वतःच्या हाताने बसवेल." मग आवाज खाली आणून, इतरांना ऐकू जाऊ नये असा, "एक विचारू का? त्या लिफ्टमध्ये बसायला काही असतं का रे? उभं राहिलं की माझ्या मांड्या थरथरतात."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे ती कपाटाएवढी जागा उभी राहिली. तिथे लिफ्ट नव्हती, व्हायची नव्हती, आणि झाली असती तरी त्यात बसायला काय, वळायलाही जागा नव्हती.

"असतं, आई."

"बाकडं?"

"भिंतीला लावलेलं असतं. हवं तेव्हा उघडायचं, नको तेव्हा मिटायचं."

"अगंबाई! मग जरा रुंद बघ. मी एकटी नाही हो बसायची त्या बादलीत. तूही शेजारी बसशील ना?"

"बसेन."

"मग ठीक आहे. मग कितीही उशीर होऊ दे."

दुसऱ्याच दिवशी बाजाराजवळच्या इमारतीची जुनी लिफ्ट काढून नवी बसवायचं काम निघालं. ती हुशार पण धांदरट लिफ्ट मोडीत चालली होती. तिच्या आतल्या भिंतीला एक मिटतं बाकडं होतं, लाकडी, लोकांच्या बसण्याने गुळगुळीत झालेलं. मास्तरांनी त्याचे स्क्रू एक एक करून काढले, बिजागरीला तेल लावलं आणि गोदामात बेरीजरावाकडे घेऊन गेले.

"भंगारात धरू नका. याचं काय होईल ते माझ्या पगारातून कापा."

बेरीजरावाने बाकडं उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. "लिफ्ट तर बसत नाही म्हणालात."

"नाही बसत."

"मग हे कुठे लावणार?"

मास्तरांनी बाकडं बगलेत मारलं आणि कठड्याला धरून गोदामाचा जिना चढू लागले. मधल्या पायरीवर थांबले.

"आईने रुंद सांगितलंय," ते म्हणाले. "हे दोघांना पुरेल ना हो?"